पलीकडचं विरजण

मनुबाईला कशाचा संशय आला नाही असा दिवस कुरणवाडीत कुणी पाहिला नव्हता. भाजीवाल्याचा तराजू, कंडक्टरनं दिलेले सुटे पैसे, जत्रेतल्या प्रसादातलं तूप, सगळ्याकडं ती आधी डोळे बारीक करून बघायची आणि मगच हात पुढं करायची. निवडणुकीत साड्या वाटायला आलेल्या कार्यकर्त्याला तिनं भर चौकात बादलीभर पाणी आणून दिलं होतं आणि म्हणाली होती, "आधी धुऊन दाव. रंग ऱ्हातोय का बघू." अशा माणसाला गाव हसतं, पण अडलं की त्याच्याच दारात येतं. त्यामुळं मैल्याच्या प्लँटमध्ये टँकर भरलेला आत जाताना आणि रिकामा बाहेर येताना मनुबाईनं पाहिला, तेव्हा प्रकरण तिथंच संपणार नव्हतं.

कर्नाटकाच्या हद्दीत, निपाणीकडं जाणाऱ्या हायवेवरून आत वळलं की कुरणवाडीच्या वरच्या अंगाला हा प्लँट लागतो. शहराचं सांडपाणी साफ करून ओढ्यात सोडायचं, एवढंच त्याचं काम. शहर वाढत गेलं, प्लँट होता तेवढाच राहिला. अर्धवट धुतलेलं पाणी ओढ्यात यायला लागलं, आणि ओढ्याकाठी मनुबाईची विहीर. आधी पाणी पिवळं झालं, मग त्याला वास मारायला लागला, आणि एक दिवस म्हशींनीही पाण्यावरून तोंड फिरवलं. मनुबाईचं दही शहरातल्या खानावळींत जायचं. विधवा बाईनं त्या दह्यावर पोरगं वाढवलं होतं. म्हशींना पाणी नाही तर दही कुठलं? तेव्हा शेजारच्या जयाबाईनं आपल्या विहिरीवर तिला जागा दिली. जयाबाईची विहीर चढाला, तिथपर्यंत घाण पोचलेली नव्हती. "तुझी हीर धड हुईस्तवर माझी तुझीच," असं ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून एकदाही तिनं कपाळाला आठी घातली नव्हती.

आता प्लँट मोठा करायचं काम निघालं होतं. नवे हौद, नव्या मोटारी, हौदात वारं सोडायची नवी यंत्रं. काम चालू आहे तोवर सगळा मैला तसाच ओढ्यात सोडलेला. "थोडी कळ काढा," असं अधिकारी सांगून गेले होते. सरकारी 'थोडी' केवढी असते हे ज्याला कळ काढावी लागते त्यालाच कळतं.

तर तो टँकर. मनुबाई बांधावर गवत कापत होती. आवाज आला म्हणून तिनं मान वर केली. मैला बाहेर काढायला टँकर येतो हे तिला समजत होतं. पण हा जड होऊन, कण्हत चढ चढला, आणि परत आला तो उड्या मारत, हलका होऊन. मागची पाटी तिनं नीट वाचली. एमएच शून्य नऊ. म्हणजे सरहद्दीपलीकडचा. कोल्हापूरकडचा.

मनुबाईचं डोकं भराभर चाललं. सीमेवरच्या माणसाला गाडी दिसायच्या आधी गाडीचा नंबर दिसतो. पलीकडची कोंबड्यांची घाण, दवाखान्यांतला कचरा रात्रीत इकडं आणून टाकतात, इकडचं तिकडं टाकतात, अशा गोष्टी ती लहानपणापासून ऐकत आली होती. पलीकडच्या पोलिसाला इकडं येता येत नाही, इकडच्याला तिकडं जाता येत नाही, मधल्या मध्ये घाण मात्र आरामात ये-जा करते. आपल्या शहराचा मैला पचवायची यांच्यात ताकद नाही, आणि हे पैसे घेऊन दुसऱ्याचा आणायला लागले!

तिचा मुलगा सौरव त्याच प्लँटवर ऑपरेटर होता. आधी बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत होता. आईपाशी राहता येईल म्हणून ती नोकरी सोडून इथं लागला. त्या दिवशी जेवताना तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आज टँकर आलता न्हवं तुमच्याकडं?"

सौरवनं खाली ताटात बघितलं. "कुठला टँकर?"

"पांढरा."

"मला न्हाय म्हाईत. मी मोटारीकडं होतो."

बस्स. मनुबाईला एवढं पुरलं. पोरगं खोटं बोलायला लागलं की खाली बघतं, हे तिला तो चड्डीत असल्यापासून माहीत होतं. चोरी नसती तर 'व्हय, आलता' म्हणायला याचं काय जात होतं? त्याच्या साहेबानं काहीतरी चारलंय आणि पोरानं तोंडाला कुलूप लावलंय, हे तिच्या मनानं घेतलं. पोटच्या पोराचा संशय घ्यावा लागतो याचं तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून तिनं संशय घ्यायचं थांबवलं, असंही नाही.

पुढचे काही दिवस ती गवताच्या निमित्तानं त्या बांधावरून हललीच नाही. टँकर येत राहिला. एकदा तो चढावर अडकला तेव्हा ती जवळ गेली. झाकणाच्या फटीतून काळपट चॉकलेटी रबडी ओघळली होती. ड्रायव्हर खाली उतरला, तिला बघून घाईघाईनं फडक्यानं ती पुसायला लागला.

"काय हाय रं आत?" मनुबाईनं विचारलं.

"काय न्हाय, मावशी. पाणी हाय."

पाणी! मनुबाई तडक जयाबाईच्या घरी गेली आणि जे पाहिलं ते सांगितलं, जे पाहिलं नव्हतं तेही सांगितलं. जयाबाई मोठी शांत बाई. पण आपल्या विहिरीचं नाव निघाल्यावर तिचाही चेहरा उतरला.

"आक्का, माझी हीर गेली ती गेली," मनुबाई म्हणाली. "आता दोन शहरांचा मैला हितं आला तर तुझी किती दिवस टिकंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बाया प्लँटच्या रस्त्यावर बसल्या. सतरंज्या आणल्या, पाण्याच्या घागरी आणल्या, कुणीतरी चिरमुऱ्यांची पिशवी आणली. टँकर वळणावर आला आणि थांबला. ड्रायव्हर विक्रम म्हणून होता, बोलायला गरीब. त्यानं हात जोडले.

"मावशी, पाया पडतो. एक तर आत जाऊ द्या, न्हायतर माघारी फिरू द्या. मधीच थांबवू नका."

"का? थांबला तर काय हुतंय?"

त्याला धड सांगता येईना. आणि ज्याला सांगता येत नाही त्याच्यावर मनुबाई विश्वास ठेवत नसे. तिनं पोरांना सांगून टँकरच्या मागं बैलगाडी आडवी लावली. आता पुढंही नाही आणि मागंही नाही. पोलीस येऊ दे, साहेब येऊ दे, सगळ्यांसमोर झाकण उघडायचं आणि आत काय आहे ते गावाला दाखवायचं, असा तिचा हट्ट.

ऊन चढलं. टँकरचा पत्रा तापला. प्लँटचे इंजिनिअर नागराज धापा टाकत आले. माणूस धारवाडकडचा, मराठी मोडकं.

"आक्का, हे मैला नव्हे. म्हणजे मैलाच आहे, पण तसलं नव्हे. प्लँटसाठी पाहिजे आहे."

बाया खदाखदा हसल्या. मैल्याच्या प्लँटला मैला कमी पडला!

मग सौरव आला. आईसमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलला. "आई, इरजण हाय ते. नव्या हौदात नुसता मैला सोडून चालत न्हाय. मैला खाणारं बारीक किडं लागत्यात. ते चालू प्लँटमधनं आणून सोडावं लागत्यात. आपल्या हौदात न्हाईत, पलीकडं लई हाईत, म्हणून तिकडनं आणायलोय. दुधाला इरजण लावतीस, तसंच."

उभा जन्म मनुबाईनं विरजण लावण्यात घालवला होता. पोरानं बरोबर तेवढाच शब्द शोधून आणला, म्हणजे कुणीतरी पढवून पाठवलाय, असं तिला वाटलं.

"मग त्या दिवशी ताटावर इच्यारलं तवा का न्हाय सांगितलंस?"

"साहेब म्हणालते, सांगू नका. पलीकडनं मैला येतोय म्हटल्यावर गाव गोंधळ घालंल."

"गोंधळ घालंल म्हणून खोटं बोलायचं? चल, ऊठ हितनं."

सौरव उठला. जाताना एवढंच म्हणाला, "त्यास्नी वारं लागतंय, आई. टँकरात वारं न्हाय." मनुबाईनं ऐकलं आणि सोडून दिलं.

दिवस कलल्यावर पोलीस आले, पंचायतीची माणसं आली, आणि ठरलं की टँकर प्लँटच्या फाटकापाशी न्यायचा आणि सगळ्यांदेखत उघडायचा. विक्रमनं खालचा नळ फिरवला. एक काळी धार पडली आणि वास सुटला तो असा की पुढं वाकलेली माणसं तोंडाला पदर आणि रुमाल लावून मागं पळाली. नासक्या अंड्याचा वास. दोन पोरं तिथंच ओकली. जयाबाई ओरडली, "हे इरजण व्हय? ईख हाय ईख!"

मनुबाई मात्र जागची हलली नव्हती. चढावर ओघळलेल्या रबडीचा वास तिला आठवत होता, तो असा नव्हता. तो ओल्या मातीसारखा होता. हा वास तिच्या ओळखीचा होता. उन्हात विसरलेल्या, तोंड बांधलेल्या मडक्यातलं दही असंच होतं.

नागराजसाहेबांनी धारेखाली काचेचं भांडं धरलं, उजेडात बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "नळ बंद करा," ते म्हणाले. "आत घालायचं नाही. परत न्या."

"परत?" सौरव म्हणाला. "साहेब, शेवटचा मोठा लोड हाय."

"हौदू, बरोबर आहे. पण सगळं मेलंय. हे घातलं तर आधी घातलेलं पण मरतंय."

आणि तिथंच मनुबाई फिरली. साहेबाच्या शब्दानं नाही, तिच्या स्वतःच्या संशयानं तिला फिरवलं. ती मनात म्हणाली, हा माणूस लबाड असता तर त्यानं हे गुपचूप ओतलं असतं. टँकर आणला कशासाठी, ओतायलाच ना? फाटक उघडं आहे, पोलीस त्याच्या बाजूला आहेत, आणि हा म्हणतोय परत न्या. लबाड माणूस आपला माल असा परत पाठवत नाही. म्हणजे पोरगं खरं बोलत होतं, आणि ते विरजण जिवंत होतं, आणि आपण दिवसभर त्याचा गळा धरून बसलो होतो.

गावाला मात्र ह्याच्या नेमकं उलट दिसलं. टँकर उघडला, विष निघालं, साहेबाची बोबडी वळली आणि टँकर माघारी गेला. याहून आणखी पुरावा काय हवा? गावात मनुबाईचा जयजयकार झाला. एकानं तिला पंचायतीला उभी राहा म्हणून सांगितलं. ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि जेवली नाही.

पुढच्या दिवसांत नव्या हौदातला फेस पांढरा पडायला लागला, म्हणजे मैला खाणारे किडे कमी पडायला लागले. आधी आणलेलं विरजण एवढ्या मोठ्या हौदाला पुरेना. पलीकडचे लोक आणखी द्यायला तयार होते, पण गाडी द्यायला कुणी तयार नव्हतं. कोण येणार पुन्हा कुरणवाडीच्या बायांच्या तावडीत? मैला ओढ्यात तसाच चालू राहिला. सौरव घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. आईशी कामापुरतंसुद्धा बोलायचा नाही.

मनुबाईनं जयाबाईला सांगून बघितलं. दोघी विहिरीवर घागरी भरत होत्या.

"आक्का, आपलं चुकलं. ते आपल्यामुळं नासलं. दिवसभर उन्हात ठिवलं म्हणून."

जयाबाईनं घागर खाली ठेवली. "परवा तूच सांगितलीस मैला हाय म्हणून. आज सांगतीस इरजण हाय. मधी काय झालं गं?"

"वासावरनं कळलं मला."

"वासावरनं," जयाबाई म्हणाली, आणि तिनं मनुबाईकडं डोळे बारीक करून बघितलं. "का पोराच्या नोकरीवरनं?"

त्या दिवशी मनुबाई पदर खोचून प्लँटवर गेली. नागराजसाहेब टेबलाशी बसले होते. तिला बघून ते उभेच राहिले, आणि त्यांनी आधी तिच्या मागं आणखी किती बाया आहेत ते बघितलं.

"साहेब, टँकर मागवा. मी आत बसून येतो त्यातनं. मी असल्यावर कोण अडवत न्हाय."

साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "कशाला, आक्का?"

"म्हणजे?"

"परवा तुम्हीच अडवला. आता तुम्हीच आणणार. मध्ये रस्त्यात काय करणार?"

दुसरी वेळ असती तर मनुबाईनं त्या माणसाला उभा सोलला असता. पण आज तिनं खोचलेला पदर सोडला. खरं बोलणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही तेव्हा आतून कसं होतं, हे तिला या वयात पहिल्यांदाच कळत होतं. शेवटी सौरवच पुढं झाला आणि म्हणाला, "येऊ दे, साहेब. ती बोललेलं करतीया."

भल्या पहाटे ती सरहद्दीपलीकडं गेली. तिथल्या प्लँटवर तिनं आपल्या डोळ्यांनी हौद बघितला, भरताना नळाखाली बोट धरून वास घेतला, आणि मगच विक्रमच्या शेजारी चढून बसली. विक्रम तिच्यापासून शक्य तितका दाराला चिकटून बसला होता. वाटेत त्यानं चहाला थांबू का विचारलं. मनुबाई म्हणाली, "खुळा झालास का? चल मुकाट्यानं." उन्हं वर यायच्या आत पोचायचं होतं.

वळणावर बाया बसलेल्या होत्या. सगळ्यांत पुढं जयाबाई. बातमी आधी पोचली होती.

मनुबाई खाली उतरली. झाकणापाशी ओघळलेलं थोडं तिनं तळहातावर घेतलं आणि जयाबाईच्या नाकापाशी नेलं. "वास घे, आक्का. माती हाय बघ नुसती. परवाचा वास येतोय का?"

जयाबाईनं नाक फिरवलं. "अत्तर मारलं असंल. त्यांच्याकडं काय कमी हाय?"

मागच्या बाया हसल्या. मनुबाईनं एकेकीकडं बघितलं. या सगळ्यांना रस्त्यावर बसायला तिनंच आणलं होतं. कुठं बसायचं, गाडी मागून कशी अडवायची, साहेब बोलायला लागला की काय म्हणायचं, सगळं तिचंच होतं. बैलगाडीसुद्धा तयार उभी होती.

"आक्का, ऊन चढायलंय," ती म्हणाली. "ह्यो जर आज नासला तर पलीकडची माणसं पुन्हा देत न्हाईत. मग माझ्यानंतर तुझी हीर. तुझ्या पाया पडतो. मला शिव्या घाल, थोबाडीत मार, पण गाडी सोड."

तिनं खरोखरच वाकून जयाबाईच्या पायाला हात लावला. गावात मनुबाईला वाकलेली कुणी पाहिली नव्हती. जयाबाईनं पाय मागं घेतला. मग गुडघ्यावर हात रेटत उठली, तिच्या मागून बाकीच्या उठल्या.

"जाऊ दे गाडी," जयाबाई म्हणाली. "तुझ्या तोंडाकडं बघून सोडतो. पण एक ऐक. ह्यातला एक थेंब प्लँटात पडला, की माझ्या हिरीवर तुझी घागर दिसता कामा न्हाय. तुझ्या हातानं काय माझ्या पाण्यात पडंल, मला काय ठावं?"

मनुबाईला वाटलं, आपण ऐकलं ते चुकलं असेल. पण जयाबाईच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता संशय होता, आणि त्याला तोड नाही हे मनुबाईइतकं कुणाला माहीत असणार? तिची स्वतःची विहीर पुन्हा गोड होईल तर कधी होईल, ते साहेबालाही सांगता येत नव्हतं. घरी म्हशी दावणीला होत्या आणि सकाळचं पाणी अजून पाजायचं होतं.

"चल, विक्रम," ती वर चढत म्हणाली. "वारं लागू दे त्यास्नी."

टँकर हळू पुढं सरकला. काचेतून तिला रस्त्याच्या कडेला उभी असलेली जयाबाई दिसली, पदराचं टोक नाकाला लावून गाडीचा नंबर वाचत असलेली. मनुबाईला तिचा राग आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपण उठलोसुद्धा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचंच तिला रडू आलं.